उगमाले लावली फरशी

"पहार ठेव खाली, जनकाबाई! दीड महिना लागला थे फरशी बसवाले!" देवस्थानचे अध्यक्ष भगवानराव कुंडाच्या काठावरून ओरडले.

"आन् झरे बुजवाले किती लागला, भाऊ?" कोरड्या कुंडात उभ्या जनकाबाईनं विचारलं.

डोंगराच्या कुशीतलं, महादेवाच्या देवळापुढचं हे कुंड म्हणजे नदीचा उगम. दरसाल माघात जनकाबाई चार बायांना घेऊन तळातला गाळ उपसायची. झरे मोकळे व्हायचे, शिवरात्रीला महादेवाची आंघोळ व्हायची आणि बारा महिने गावाची तहान भागायची. यंदा भगवानरावांना गाळाची लाज वाटली. जिल्ह्याचे साहेब शिवरात्रीला जलपूजनाला येणार म्हणून त्यांनी तळाला सिमेंट ओतलं, वर चकचकीत फरशी घातली. कुंड असं देखणं झालं, की पाण्यानं तोंडच दाखवलं नाही. महिनाभर बाया खालच्या शिवारातून हंडे वाहत होत्या.

"काऊन कोपला असंल देव?" भगवानराव हळहळले.

"कोपला नाई. थ्याच्या नाकातोंडात सिमिट गेलं!"

"उद्याचा दिवस जाऊ दे, माय. साहेबापुढं गावाची इज्जत जाईन." त्यांनी हात जोडले, तेव्हा ती पुटपुटत वर आली.

दुसऱ्या दिवशी, शिवरात्रीला, कुंडावरच्या दगडी गोमुखातून धार लागली. लोकांनी हरहर महादेव केला. जनकाबाईला काही पटेना. देवळामागं जाऊन पाहते तर टँकर उभा, त्याची नळी भिंतीतून थेट गोमुखात! तेवढ्यात टँकर संपला. साहेबांनी ओंजळ पुढं केली आणि गोमुखानं खर्रर्र करून नळीचं हिरवं टोक ओकलं.

"नदी कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

भगवानरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

जनकाबाईनं कोणाला विचारलं नाही. पहार घेऊन ती कुंडात उतरली. धाड! धाड! फरश्या उडाल्या, सिमेंटची खपली निघाली आणि गढूळ पाणी बुडबुडत वर आलं. तिचे पाय भिजले, डोळेही.

भगवानरावांनी माइक धरला. "चमत्कार! माह्या नवसाले गंगा पावली!"

साहेबांनी हार त्यांच्याच गळ्यात घातला.

"तुहं नावबी नाई घेतलं व थ्यानं!" शेजारीण रुखमाबाई तणतणली.

"नावानं हंडा भरते का, बाई?" जनकाबाईनं लुगडं पिळलं. "पाणी निवळू दे. आन् उद्या पाण्याले येताना भगवानभाऊच्या बायकोलेबी हाक मार. थेबी महिनाभर डोक्यावर हंडे वाहून राह्यली बिचारी."