एका ओळीची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी पुठ्ठ्याची पट्टी आहे. वीतभर लांब, चार बोटं रुंद. माझ्या मधोमध एक आडवी चीर आहे, छापलेली एक ओळ मावेल एवढी. अशी वस्तू तुम्ही पाहिली नसेल, आणि पाहिली असती तर कचरा म्हणून फेकली असती.

मला एका प्रुफरीडरांनी बनवलं. पुस्तक छापण्याआधी कच्ची पानं काढतात, त्यांतल्या चुका शोधणं हे त्यांचं काम. बाइंडरकडच्या उरलेल्या पुठ्ठ्यातून त्यांनी मला कापलं आणि पात्यानं चीर पाडली. कागदावर ठेवलं की माझ्यातून एकच ओळ दिसायची. ती वाचून झाली की मला खाली सरकवायचं. डोळा भरकटत नाही, एवढाच माझा उपयोग.

छापखान्यात त्यांना सगळे ‘घार’ म्हणत. “घारीच्या तावडीतून माशी सुटेल, टिंब सुटायचं नाही,” असं मशिनवाला आल्यागेल्याला सांगायचा. या कौतुकानंच घात केला, असं मी आज म्हणते. ज्याची नजर चारचौघांत गाजते, तो डोळे कशाला तपासून घेईल?

साठीच्या आसपास त्यांच्याकडून चुका सुटू लागल्या. ओळीच्या मधल्या नव्हे, टोकांच्या. एका पुस्तकात तर कोपऱ्यातले पानांचे आकडे चुकले.

“घारोबा, पिसं गळायला लागली वाटतं,” मशिनवाला म्हणाला.

ते हसले. घरी येऊन त्यांनी माझ्या चिरेच्या दोन्ही टोकांना कागदाचे तुकडे चिकटवले. चीर आखूड झाली. आता एका ओळीसाठी मला दोनदा सरकवावं लागे. वर्षभरानं पुन्हा तुकडे चिकटले, मग आणखी एकदा. डोळा दुखत नव्हता, लाल होत नव्हता. चिरेतलं अक्षर तर लख्ख दिसत होतं. आपली नजरच कडांकडून आत आत सरकते आहे, हे त्यांना उमगलं नाही. ते लपवायला मी मदत केली.

त्यांची बायको लवकर गेली होती. लग्न झालेली मुलगी दर रविवारी यायची. दाराच्या चौकटीवर त्यांचा खांदा आपटताना तिनं दोन-तीनदा पाहिलं.

“बाबा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ.”

“मोतीबिंदू असेल. पिकू दे, मग काढू.”

“हल्ली पिकायची वाट बघत नाहीत. आणि तुम्ही डॉक्टर कधी झालात?”

त्यांनी गोळ्यांचं खोकं उचललं आणि त्यावरची मुंगीएवढी अक्षरं धडाधड वाचून दाखवली. “आता तू वाच.”

तिला ती लागली नाहीत. ती हरली आणि विषय मिटला. दोन वर्षं मिटलेलाच राहिला.

एका रविवारी टेबल आवरताना तिनं मला उचललं. चिकटवलेल्या कागदांचे थर तिनं नखानं मोजले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून, मला पर्समध्ये घालून ती त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरबाईंनी डोळ्यांतला दाब मोजला. मग त्यांना एका यंत्रापुढे बसवलं. समोर बघत राहायचं आणि आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं. ठिपके पुष्कळ चमकले. बटण फार थोड्या वेळा वाजलं.

“मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे,” बाई म्हणाल्या. “मोतीबिंदू काढला की पुन्हा दिसतं. यात वाढलेल्या दाबानं डोळ्यामागची नस सुकत जाते. गेलं ते येत नाही, उरलंय ते राखायचं. रोज संध्याकाळी एकेक थेंब, जन्मभर.” मग मुलीकडे वळून म्हणाल्या, “तुम्हीही तपासून घ्या. हे रक्ताच्या नात्यात येऊ शकतं.”

दोन महिने थेंब नेमानं पडले. पुढं ते स्वतःशीच पुटपुटू लागले, “टाकून काय फरक पडतोय? दिसायचं तेवढंच दिसतंय. वर चुरचुरतं.”

मुलगी फोनवर विचारायची, “टाकले ना?”

“टाकले की.”

बाटली कपाटात भरलेली होती. तपासणीची तारीख त्यांनी कामाच्या घाईचं निमित्त करून दोनदा चुकवली. मला सगळं दिसत होतं. पुठ्ठ्याला तोंड नसतं.

दीड वर्षात चिरेतलं अक्षरही विझलं. शस्त्रक्रिया करून दाब उतरवला, पण राखायला फारसं उरलं नव्हतं. छापखान्यानं निरोपाचा कार्यक्रम केला. मशिनवाल्यानं घारीच्या नजरेवर मोठं भाषण ठोकलं. ते भलत्याच दिशेला बघून मान हलवत होते.

“बाटली भरलेली का होती, बाबा?” कपाटातली बाटली सापडल्यावर मुलीनं एकदाच विचारलं.

“वाटलं, गुण येत नाही.”

ती उठून स्वयंपाकघरात गेली. पुढची चार वर्षं, म्हणजे ते जाईपर्यंत, तिनं त्यांना आंघोळीला नेलं, घास भरवले, रोज पेपर वाचून दाखवला. हा विषय मात्र काढला नाही. माफ केलं असं मला वाटत नाही. तिलाही वाटत नसावं.

आता मी तिच्या टेबलावर असते. तिच्याही डोळ्यांत वाढलेला दाब निघाला. ती रोज थेंब टाकते. परवा तपासणीहून आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, “सहा वर्षांत काडीचा फरक नाही. हाच थेंबांचा गुण.” एवढं एक वाक्य ज्यांना समजावून सांगायचं राहिलं होतं, ते ऐकायला नव्हते.

मित्रांनो, बारीक अक्षर वाचता येतं म्हणजे डोळे चांगले, असं समजू नका. घरात चाळिशी उलटलेलं कुणी असेल, तर डोळ्यांचा दाब मोजून घ्यायला लावा. आणि औषध टाकलं का, असं नुसतं विचारू नका. बाटली हातात घेऊन बघा.