दाराजवळची खुर्ची

आत्याची श्रद्धा खरी आहे, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. माझीही तीच आहे; आत्याच्या घरच्या प्रार्थनेला बसूनच ती माझ्यात आली. म्हणून संताप जास्त झाला.

मी डायलिसिस विभागात काम करते. इथे रुग्णाच्या हातात दोन सुया असतात. एकीतून रक्त यंत्रात जातं, दुसरीतून शुद्ध होऊन परत येतं. हात सरळ ठेवून तासन्‌तास पडून राहावं लागतं. मंगळवारी माझी सुट्टी असते, आणि नेमकं मंगळवारीच आत्या व्यवस्थापकांची परवानगी काढून खाटांमध्ये उभी राहून देवाबद्दल बोलायला लागली होती. मला वाटलं, विचारपूस करत असेल.

आमचे एक रुग्ण, मास्तर, मंगळवारचं डायलिसिस चुकवू लागले तेव्हा खरं काय ते कळलं. निवृत्त गणित शिक्षक, देव न मानणारे. गुरुवारी वजनकाट्यावर चढले तेव्हा पाय सुजलेले, बोलताना धाप.

"मास्तर, असं चुकवलंत तर जिवावर बेतेल."

"तुमच्या आत्याबाई मला स्वर्गात धाडायचं म्हणतात. मी त्यांचं काम सोपं करतोय."

"हसण्यावारी नेऊ नका."

"मग ऐका. उठून जाता येत नाही तिथे मी कुणाचं प्रवचन ऐकणार नाही. म्हणून मंगळवारी येत नाही."

संध्याकाळी तडक आत्याकडे गेले. ती प्रार्थनेसाठी खुर्च्या मांडत होती.

"तुझ्या दवाखान्यातले लोक किती शांतपणे ऐकतात गं," ती म्हणाली. "इथे कुणी ना कुणी मध्येच उठतं."

"ते उठूच शकत नाहीत, आत्या. यंत्राला जोडलेले असतात."

"मी काय वाईट सांगते का त्यांना?"

"ती एक खुर्ची नेहमी दाराजवळ का ठेवतेस?"

"नवीन माणसासाठी. नको वाटलं तर कुणाच्या नजरेत न येता..." ती थांबली.

"मीही त्याच खुर्चीत बसले होते. जाता येत होतं, म्हणून राहिले. तिथे कुठे ठेवलीस ती खुर्ची? मास्तर मरण पत्करतायत, पण तुझ्यासमोर पडून राहायला तयार नाहीत."

आत्याचा चेहरा उतरला. "घरचीच असून असं बोलतेस," एवढंच म्हणाली. मी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांकडे जाऊन ती परवानगी रद्द करायला लावली. "लोकांना चांगलं वाटेल असं वाटलं," ते म्हणाले. रुग्णांना विचारलं होतं का, या प्रश्नावर ते फाइल चाळू लागले.

मास्तरांना मी तसं कळवलं आणि पुढच्या मंगळवारी सुट्टी न घेता कामावर गेले. मास्तर आले. मी सुया लावत असताना म्हणाले, "खाली बाहेरच्या बाकावर तुमच्या आत्याबाई बसल्यात. 'बसता का थोडं?' म्हणाल्या. मी नको म्हणालो, तर 'बरं' म्हणाल्या. त्यांची तब्येत ठीक आहे ना?"

"हात सरळ ठेवा," मी म्हणाले.