नाव घरातच आहे

आमच्या कड्यावरच्या शाळेच्या भिंतीवर माझं नाव माणसाच्या उंचीच्या अक्षरांत रंगवलेलं आहे. काबोन तुइकोंग. त्याखाली फीत तोडणाऱ्या बाईचं चित्र आहे, ती मी नव्हे. ती माझी थोरली बहीण चेसांग. जगात तिला चेसांग म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. मला काबोन म्हणणारे गावात शे-दीडशे जण आहेत, पण बाहेरचा पाहुणा आला की त्यांनाही माझं नाव आठवत नाही.

हे कसं झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. मी सोळा वर्षांची होते, ताई एकविसाची. ती पळायची छान, पण ते कळलं उशिरा. त्या वर्षी विशीच्या आतल्या पोरींची निवड होती, आणि तिथं जी जिंकेल ती थेट परदेशी जाणार होती. शाळेचे चेबोई मास्तर आमच्या अंगणात येऊन बसले, दोन कप चहा प्यायले आणि आईला म्हणाले, "थोरलीचे पाय चांगलेत, वयच आडवं येतंय. धाकटीचा जन्मदाखला द्या. एका शर्यतीपुरता."

आमच्याकडं यात कुणाला नवल वाटत नसे. पलीकडच्या वाडीतला एकजण चुलतभावाच्या दाखल्यावर पळून फौजेत लागला होता आणि चुलतभाऊ त्याच्याच गायी राखत होता. आईनं पेटीतून माझा दाखला काढून दिला. मी रडायला लागले तेव्हा म्हणाली, "रडतेस काय अशी? परक्याला दिलंय का? नाव घरातच आहे."

ताई जिंकली आणि एका शर्यतीपुरतं गेलेलं नाव परत आलं नाही. तिचा पासपोर्ट माझ्या नावानं निघाला, त्यावरून ओळखपत्र निघालं, मग बूट बनवणाऱ्या कंपनीचा करार झाला. ज्या शहरांची नावं आम्हाला उच्चारता येत नाहीत तिथल्या रस्त्यांवर माझं नाव घेऊन लोक टाळ्या वाजवायला लागले. पस्तिशीतही बाईचा दम बघा, असं पेपरवाले लिहायचे. दम खरा होता, पण तो चाळिशीतला होता.

मीही पळायचे. हे कुणाला आठवत नाही, म्हणून मीच सांगते. दुसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या शर्यतीला मी रांगेत उभी राहिले तर चेबोई मास्तर कानाशी येऊन म्हणाले, "तुला कुठल्या नावानं लिहू? काबोन तर परवाच नैरोबीत जिंकली." मी रांगेतून बाहेर आले आणि घरी जाऊन गाय दोहली. त्यानंतर पळाले असेन तर सुटलेल्या वासरामागं.

कागदाशिवाय माणूस जगतं. माझं लग्न गायी देऊन-घेऊन झालं, त्याला कुणी कार्ड विचारलं नाही. नवरा खाली केरिओच्या खोऱ्यात ट्रक उलटून गेला, तरी फोन त्याच्याच नावावर चालू राहिला. जेलागत, माझी लेक, घरातच जन्मली. शाळेत घालताना हेडमास्तर म्हणाले, दाखला नंतर आणा. तो नंतर बारा वर्षं लांबला.

मग मार्चमध्ये जेलागतची विशीच्या आतल्या संघात निवड झाली. खऱ्या वयानं आणि खऱ्या नावानं. पत्र आलं की दहा आठवड्यांत पासपोर्ट पाहिजे. पासपोर्टला जन्मदाखला लागतो आणि जन्मदाखल्याला आईचं ओळखपत्र लागतं. पोरगी पत्र उशाशी घेऊन झोपायची. मी तिला म्हटलं, काळजी करू नको, मी आणते. मी तेव्हा खरंच तसं मानत होते.

कचेरीत चष्मा लावलेला एक सभ्य तरुण बसला होता.

"नाव सांगा, मावशी."

"काबोन तुइकोंग."

तो हसला. "मग मी राष्ट्राध्यक्ष. खरं सांगा, मागं लाइन आहे."

"खरंच सांगते. बाप तुइकोंग, आई कोबिलो, गाव कड्यावरचं."

त्यानं बोटं चालवली आणि यंत्राचा पडदा माझ्याकडं वळवला. त्यावर ताईचा फोटो होता, केस सरळ केलेले, कानांत मोती. माझा बाप, माझी आई, माझी जन्मतारीख, सगळं तिच्या हनुवटीखाली ओळीनं लिहिलेलं. "या तुम्ही?" त्यानं विचारलं. मागं उभी असलेली बाई खदखदून हसली. तो हसला नाही, एवढं त्याचं भलं होवो. "मोठ्या माणसाच्या नावानं कार्ड मागणं गुन्हा आहे, मावशी," तो हळू आवाजात म्हणाला. "मी काही ऐकलं नाही. घरी जा."

घरी येताना गाडीत मी विचार केला की माझं नाव तिच्याकडं आहे, तर तिचं रिकामंच पडलं असेल. तेच घ्यावं. पोरीच्या दाखल्यावर आई म्हणून चेसांग लागली तर लागली. पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या गावच्या कचेरीत गेले. तिथं एक जाडी बाई होती, शेंगदाणे खात होती. चेसांग तुइकोंग म्हटल्यावर तिनं शोधलं आणि खाणं थांबवलं.

"ही तर वारली. अकरा वर्षं झाली. तुमची कोण?"

अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी धावपटूंच्या संघटनेला निनावी पत्र पाठवलं होतं की या बाईचं वय खोटं आहे, चौकशी करा. चौकशीला साहेब आले, गावात जेवले आणि काही न सापडता गेले, एवढंच आम्हाला माहीत होतं. का सापडलं नाही ते त्या दिवशी मला कळलं. जिचं खरं वय शोधायचं ती कागदावर मेलीच होती. मृत्यूच्या नोंदीवर गावच्या जुन्या प्रमुखाची सही होती आणि साक्षीला आमच्या आईचा अंगठा.

आईला वाचता येत नव्हतं. पण आपण कशावर अंगठा उठवतोय हे तिला माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. तिच्या थडग्यावर त्यानंतर मी दोन महिने फुलं ठेवली नाहीत.

एप्रिलच्या अखेरीला ताई शेवटची शर्यत जिंकून परत आली. आता पळणार नाही असं तिनं जाहीर केलं होतं, म्हणून शाळेच्या मैदानात सत्कार ठरला, गव्हर्नर येणार होते. आदल्या दिवशी दुपारी तिची पांढरी गाडी माझ्या कुंपणाशी थांबली. मी चुलीपाशी तुंबा घासत बसले होते. परतलेल्या माणसाला आमच्याकडं तुंब्यातलं मुरलेलं दूध, मुरसिक, पाजतात आणि ते घरच्या बाईनं पाजायचं असतं. आई गेल्यापासून ते काम माझं. तुंबा आतून निखाऱ्याच्या काळ्या भुकटीनं सारवावा लागतो, नाहीतर दूध नासतं. ताईला ते कधी जमलं नाही. तिला सराव असायचा.

"हात बघ तुझे," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. "माझ्यासाठी ना?"

"रिवाजासाठी."

"चिडलीयस. जेलागतचं कळलं मला. काय पाय आहेत पोरीचे."

"माझे आहेत," मी म्हटलं. "ताई, तू म्हणाली होतीस, पळणं थांबलं की सगळं नीट करीन. आता थांबलंय. सोमवारी कचेरीत चल."

तिनं बुटावरची राख झटकली. "नीट म्हणजे काय करायचं? मी उद्या तोंड उघडलं की पदकं जातील. मग माझ्या बक्षिसांतून झालेली ती पाण्याची टाकी, शाळेची खोली, सगळ्याला हात लावतील. गावच तुला शिव्या देईल, मला नाही."

"मग मी मेलेलीच बरी, नाही का?"

"मेलीय ती मी," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मला हसू आलं नाही. मग तिनं आवाज खाली आणला. "ऐक. जेलागतला माझी मुलगी म्हणून लिहू. मी कार्ड दाखवते, आठ दिवसांत दाखला होतो. आईचं नाव काबोन तुइकोंग. सांग, त्यात खोटं काय आहे?"

चोर तो चोर, वर शिरजोर. दारात जेलागत उभी होती. कधीपासून होती कुणास ठाऊक. तिच्या चेहऱ्यावर आशा दिसली आणि ती मला सहन झाली नाही.

"नाव घेतलंस, वय घेतलंस, पळणं घेतलंस," मी म्हटलं. "पोरगी नाही देणार."

"मग काय करशील?"

"उद्या तुंबा पुढं करताना हाक मारीन तुला. तुझ्या नावानं."

आमच्या आईच्या घराण्यात एक नेम आहे. ज्याच्या नावानं तुंबा पुढं होतो त्यानंच तो तोंडाला लावायचा. दुसऱ्यानं लावला तर म्हातारी माणसं तोंड फिरवतात, आणि आपल्या नावाचा तुंबा नाकारला तर नातं तुटलं. ताईला हे माहीत होतं. ती उठली, साडेतीन हजारांचे बूट चुलीच्या राखेपासून सांभाळत बाहेर गेली आणि गाडीत बसताना म्हणाली, "तू तशी नाहीस, गं."

दुसऱ्या दिवशी मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ताईच्या गळ्यात हिरव्या वेलीचा हार होता. गव्हर्नर पांढऱ्या टोपीखाली घामाघूम झाले होते. पुढच्या रांगेत जेलागत संघाचं नवं जाकीट घालून बसली होती, आणि तिच्यामागं आमच्या आईचा चुलतभाऊ कोमेन म्हातारा, ज्याच्या मांडीवर आम्ही दोघी बहिणी खेळलो. मी तुंबा घेऊन चढले. एका पोरग्यानं कौतुकानं माइक माझ्या तोंडाशी धरला.

"चेसांग," मी म्हटलं. "घे, पी."

कर्ण्यांतून ते नाव मैदानभर गेलं आणि पलीकडच्या टेकडीवरून परत आलं. बायकांच्या किलकाऱ्या थांबल्या. गावातला प्रत्येकजण आपापल्या पायांकडं बघायला लागला. ताई माझ्याकडं बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. अकरा वर्षांत तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. क्षणभर मला वाटलं, आता ती ओ देईल.

तिनं माइक घेतला. "ही माझी बहीण," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "आमची चेसांग गेली तेव्हापासून हिच्या तोंडी तेच नाव असतं. माझ्यात हिला तीच दिसते. तुम्ही हिला हसू नका."

कुणीही हसलं नाही. गव्हर्नरांनी टोपी काढली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आई, तुमचं दुःख ते आमचं दुःख," आणि मग सगळ्यांना म्हणाले, "मृत बहिणीसाठी एक मिनिट उभं राहू या."

सगळं मैदान उभं राहिलं. ज्या सुईणीनं चेसांगची नाळ कापली ती उभी राहिली. चेबोई मास्तर काठी टेकत उभे राहिले. मी जेलागतकडं बघितलं. तिनंही माझ्याकडं बघितलं, सरळ, आणि मग मान खाली घातली. सगळ्या मैदानात तिची मान सगळ्यांत आधी खाली गेली.

मिनिट संपल्यावर ताईनं माझ्या हातातून तुंबा घेतला आणि गटागटा प्यायली. कोमेन म्हाताऱ्याचं तोंड फिरेल म्हणून मी वाट बघत होते. ते फिरलं नाही. फिरणार कसं? तुंबा ज्याचा त्यालाच मिळाला होता. एवढं कबूल केलं तिनं, माझ्यापुरतं आणि त्या म्हाताऱ्यापुरतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दाखला नऊ दिवसांत झाला. जेलागत तो घेऊन चुलीपाशी आली. मी हात पुसून कागद घेतला. मुलीचं नाव बरोबर होतं. जन्मतारीख बरोबर होती. आईच्या नावासमोर काबोन तुइकोंग लिहिलं होतं आणि पुढं ताईच्या कार्डाचा नंबर होता.

"आई, तुझंच नाव आहे बघ," ती म्हणाली. मी कागदाची घडी घालायला लागले, तेव्हा भीत भीत म्हणाली, "घरातच आहे ना शेवटी?"

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिची आजी गेली तेव्हा ती लहान होती.

"हो," मी म्हटलं. "जेवून घे."

ती परवा गेली. परतली की विमानतळावर कॅमेऱ्यांसमोर आईनं तुंबा द्यायचा असतो, आणि आत जायचा पास आईच्या नावानं, कार्डाच्या नंबरासकट, आलाय. मी काल तुंबा घासला, भुकटी लावली, दूध भरून तोंड बांधलं आणि ताईच्या घरी पाठवून दिला.