निळीची बादली

त्या पत्रेवाल्याची एकच खोड थोरलीच्या डोक्यात गेली होती. घर तिचं, छप्पर तिचं, गळणारी खोली तिची, आणि हा बाबा बोलायचा तिच्या मुलाशी. तेही ती समोर उभी असताना. तिनं विचारावं, "पाणी कुठून येतंय?" आणि यानं मुलाकडे तोंड करून सांगावं, "साहेब, आजींना जरा समजावून सांगा, जुनी घरं अशीच असतात." जणू थोरली म्हणजे दारामागची खुंटी. टोपी अडकवायची आणि पुढं व्हायचं.

थोरली हे काही तिचं नाव नव्हे. पाच भावंडांत पहिली म्हणून माहेरी थोरली, आणि सासरी आली तर तिथंही थोरली सून. मग नाव बदलायची गरजच पडली नाही. गल्लीत लहानमोठे सगळे तिला थोरलीबाई म्हणत. आजी म्हणायची मुभा फक्त तिच्या नातीला होती, आणि तीसुद्धा लाडात आली तरच म्हणायची.

खाली धुणं, वर वाळवण आणि इस्त्री, असं तिचं चाळीस वर्षांचं काम. दवाखान्याच्या चादरी, खाणावळीचे टेबलावरचे कपडे, दोन शाळांचे पडदे. शाळा तिनं दोन इयत्ता पाहिली, तिसरीला आईनं धाकट्या भावंडांसाठी घरी बसवली. पण कुणाची चादर कुणाकडे गेली असं एकदाही झालं नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण ठरलेली होती. दवाखान्याला कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके, खाणावळीला हिरव्याचे दोन. लोक वह्या लिहितात, ती टाके लिहायची.

दोन महिन्यांपूर्वी वरच्या खोलीचे जुने पत्रे काढून तिनं नवे बसवून घेतले. पत्रेवाला तिनंच शोधला होता. मुलानं दुसराच एक सुचवला होता, तर "तुझ्या कचेरीतल्या लोकांना पंख्याखालचं कळतं, पंख्यावरचं नाही," म्हणून तिनं त्याला उडवून लावलं होतं. हा पत्रेवाला आला तेव्हा कसा मध ओतल्यासारखा बोलला होता. तुमच्यासारख्या कष्टाळू माणसाचं काम म्हणजे स्वतःच्या घरचं काम, वगैरे. थोरली स्तुतीला भुलत नाही, असं ती स्वतः सगळ्यांना सांगते. त्या दिवशी मात्र भुलली.

पाऊस आला आणि पश्चिमेच्या भिंतीवर ओल उतरली. छपराला खालून पाहिलं तर थेंब नाही, सगळं पाणी भिंतीनं. भिंतीलगतच्या दांडीवर दवाखान्याच्या चादरी होत्या. सकाळी पाहते तर पांढऱ्याशुभ्र कापडावर गंजाचे तांबूस ओघळ. उकळून पाहिलं, लिंबू चोळून पाहिलं, जाईनात. दवाखान्यातल्या मुख्य परिचारिकेनं चादर उजेडात धरली. आवाज चढवला नाही. "थोरलीबाई, पुन्हा असं झालं तर मला दुसरीकडे द्यावं लागेल," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पत्रेवाला तेव्हा येऊन पाहून गेला, आणि मुलाला म्हणाला, "साहेब, पत्रे एक नंबर आहेत. भिंतच पाणी पितेय. भिंत गेली."

मुलाला हवं तेच मिळालं. वर्षभर तो आईच्या मागं लागला होता, की हे सगळं बंद कर आणि आमच्याकडे राहायला ये. वाईट मनानं नव्हे. सत्तरीच्या आईनं ओल्या चादरी घेऊन जिना चढावा हे त्याला बघवत नव्हतं. पण थोरलीला मुलाच्या घरी दोन दिवसांवर झोप लागत नसे. तिथं तिला पाण्याचा ग्लाससुद्धा कुणीतरी हातात आणून द्यायचं.

शेवटी तिनंच रागाच्या भरात विषयाचा तुकडा पाडला. "रविवारी त्याला बोलाव. दोष भिंतीत निघाला तर त्याच दिवशी सामान बांधते. पण दोष त्याच्या पत्र्यात निघाला, तर हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही. मी मरेपर्यंत."

"शब्द?" मुलानं विचारलं.

"मी कधी चादर बदलली का कुणाची?"

शब्द तर देऊन बसली, आणि मग तीन दिवस येता-जाता त्या भिंतीवर हात फिरवून पाहत राहिली. भिंत खरंच गेली असेल तर? ती भिंत तिच्या नवऱ्यानं बांधली होती. स्वतःच्या हातानं, सुट्टीच्या दिवशी, दोरी लावून लावून. अकरा वर्षं झाली त्याला जाऊन. ती रोज इस्त्री करताना त्या भिंतीकडे पाठ करून उभी राहायची. माणूस मागं असल्यासारखं वाटायचं.

रविवारी दहाच्या सुमारास सगळे वरच्या खोलीत जमले. मुलगा रिकामी खोकी घेऊनच आला होता. ती त्यानं जिन्याखाली ठेवली, पण थोरलीच्या नजरेतून सुटतात होय? सूनही आली होती. थोरलीचं आणि सुनेचं तसं वाकडं नव्हतं, पण सरळही नव्हतं. सून कमी बोलायची, आणि कमी बोलणारा माणूस मनात काय शिजवतो ते कळत नाही, असं थोरलीचं मत.

पत्रेवाला बूट घालूनच आत आला. भिंतीवर बोटानं टकटक केलं, पोपडा पाडला, बोटं झटकली.

"साहेब, आता बघा तुम्हीच. वरच्या बाजूला बाहेरून चीर आहे. तिथून पाणी शिरतं नि आत येतं. यात पत्र्याचा काय संबंध?"

"मला सांग," थोरली म्हणाली.

"आजी, तुम्हाला यातलं तांत्रिक कळायचं नाही. साहेबांना कळलंय."

"मी तुझी आजी नव्हे. आणि धुण्यातलं तांत्रिक मला कळतं." तिनं दारामागून दोन बादल्या पुढं ओढल्या. एकीत साधं पाणी. दुसरीत नीळ कालवलेली. कपड्याला देतात तशी फिकी नव्हे, तीन पुरचुंड्या पिळून दाट केलेली, दौतीतल्या शाईसारखी. "तू म्हणतोस भिंत. तर हे साधं पाणी वरून तुझ्या चिरेवर ओतायचं. नीळ ओतायची पत्र्यावर, भिंतीपासून चार हात लांब. आत कुठलं पाणी येतं ते बघू."

पत्रेवाला हसला. मुलाकडे बघूनच हसला. "साहेब, हा काय पोरखेळ? आणि वर चढणार कोण? माझी माणसं आज सुट्टीवर, माझी कंबर धरलीय."

थोरलीनं गॅलरीत लावून ठेवलेल्या शिडीकडे पाहिलं. गुडघा आधीच कुरकुरत होता. मुलाला उंचीची भीती, लहानपणी पेरूच्या झाडावरूनसुद्धा उतरवून घ्यावं लागायचं.

"मी चढते," सून म्हणाली. चपला काढल्या, पायजम्याचे पाय दुमडले आणि शिडीला हात घातला. मुलगा "अगं, अगं" म्हणेपर्यंत ती गॅलरीतून अर्ध्यावर पोचलीसुद्धा.

थोरलीनं बादली दोरीला बांधून दिली. "जपून," एवढंच म्हणाली. सुनेशी बोलताना तिच्या तोंडून हा शब्द बहुतेक पहिल्यांदाच निघाला असावा.

साधं पाणी आधी. वरून सुनेचा आवाज आला, "ओतलं सगळं. चिरेवरच."

थोरली टेबलाशी बसली आणि उशांचे अभ्रे इस्त्री करून घड्या घालायला घेतले. वेळ मोजायची तिची हीच रीत. एक अभ्रा म्हणजे इस्त्री फिरवून घडी होईपर्यंतचा वेळ. सहा झाले. दहा झाले. भिंत कोरडीच. बारावा झाला तसा पत्रेवाला म्हणाला, "भिंतीला मुरायला वेळ लागतो साहेब. लगेच थोडंच दिसणार?"

"लागू दे वेळ," थोरली म्हणाली, आणि निळीची बादली वर पाठवली.

पत्र्यावर पाणी सांडल्याचा आवाज झाला, मग बारीक खळखळ, मग तीही थांबली. पुन्हा अभ्रे. एक, दोन, पाच. इस्त्रीचा वाफाळ वास तेवढा खोलीत होता. थोरलीचे हात नेहमीसारखे चालले होते, पण नजर पत्रे ज्यावर टेकले होते त्या आडव्या लोखंडी पाइपावर. आठ. नऊ. छपरातून एक थेंब नाही. पत्रेवाल्यानं खिशातून किल्ल्या काढून बोटावर फिरवायला सुरुवात केली. मुलानं घड्याळ पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं, जिथं ती खोकी होती.

"आई," तो हळूच म्हणाला, "ठरलं होतं आपलं."

"माझे अभ्रे संपले नाहीत अजून."

तेरा. चौदा. थोरलीला वाटलं, चुकलो आपण. आता त्या घरात जायचं, आणि कुणी ग्लास आणून दिला की हसून घ्यायचा.

पंधराव्या अभ्र्याला भिंतीच्या माथ्याशी एक ओला ठिपका उमटला. ठिपक्याची रेघ झाली, रेघ खाली सरकू लागली. अगदी तिथंच, जिथं पत्रेवाल्यानं बोट ठेवलं होतं.

"हे बघा!" पत्रेवाला ओरडला. "हे बघा साहेब, मी काय सांगत होतो? मघाशी भिंतीवर ओतलं ते मुरून आत आलं. पत्रा ठणठणीत, भिंत गेलेली. झालं समाधान?"

मुलानं मान खाली घातली. करड्या भिंतीवर ती ओल करडीच दिसत होती. कुठल्याही पाण्यासारखी.

थोरली उठली. हातातला पंधरावा अभ्रा तसाच, अर्धा दुमडलेला. ती भिंतीशी गेली, ओघळाखाली पांढरं कापड धरलं आणि दाबलं. मग उलटून पाहिलं. कापड पसरून मुलासमोर धरलं.

अभ्रा निळा झाला होता. फिका नव्हे, शाईसारखा.

मुलगा त्या डागाकडे बघत राहिला. मग त्यानं खुर्ची ओढली, वर उभा राहिला आणि छपराखालच्या जुन्या लोखंडी पाइपावरून बोट फिरवलं. बोट निळं झालं, आणि गंजानं तांबडंही. पाणी पत्र्यातून पाइपावर उतरत होतं, पाइपावरून सरकत भिंतीला टेकत होतं, आणि मग भिंतीच्या नावानं खाली येत होतं. चादरींवरचा गंजही त्या पाइपाचाच.

वरून सुनेची हाक आली. "आई! हे स्क्रू कुणी मारले? पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे ना? हे सगळे खोलगट भागात मारलेत, जिथून पाणी वाहतं तिथंच. निळं पाणी साचलंय प्रत्येकाभोवती. आणि खाली रबराची चकती तर एकालाही नाही!"

किल्ल्यांचा आवाज थांबला.

"साहेब," पत्रेवाला मुलाकडे वळला, "त्याचं असं असतं, उंचवट्यावर मारायचे तर लांब स्क्रू लागतात. त्या दिवशी माझ्याकडे दुसऱ्या कामावरचे आखूडच शिल्लक होते. उंचवट्यावरून ते खाली पाइपापर्यंत पोचत नव्हते म्हणून... तरी वरून भोकं बुजवायचा मसाला लावला होता साहेब. त्यानं पाणी येत नाही. शक्यतो. तुम्ही आजींना जरा—"

मुलगा खुर्चीवरून उतरला. निळं बोट पुसायलाही त्याला सुचलं नाही.

"तिच्याशी बोला," तो म्हणाला. "घर तिचं आहे."

पत्रेवाल्यानं पत्रे बसवल्यापासून पहिल्यांदा थोरलीकडे पाहिलं. बघायची सवय नसल्यानं असेल, डोळे काही ठरेनात. कधी तिच्या हातातल्या अभ्र्यावर, कधी स्वतःच्या बुटांवर. "मी सगळे काढून देतो, थोरलीबाई. नवे मारून देतो. उद्याच्या उद्या येतो."

सून शिडीवरून उतरून दारात आली. कोपरापर्यंत हात निळे, गालावर एक पट्टा. थोरलीनं खुंटीवरचा स्वच्छ पंचा काढून तिच्या हातात दिला, आणि मग सावकाश पत्रेवाल्याकडे वळली.

"इकडे बघ. त्याच्याकडे नको, माझ्याकडे. तुला काम येत नाही असं मी म्हणणार नाही. उतार बरोबर दिलास, पत्र्यावर पत्रा बरोबर चढवलास, म्हणजे हातात विद्या आहे. आखूड स्क्रू कुठं मारू नयेत हेही तुला ठाऊक होतं. तरी मारलेस, कारण ही म्हातारी वर चढायची नाही आणि पोरगा रविवारपुरता येतो, एवढं तू हेरलंस. हे चुकणं नव्हे. चुकतं माणूस, मीही चुकले, तुला बोलावलं. ते एक वेळ सोडलंही असतं. पण पाणी तुझ्या भोकांतून आलं, आणि आळ तू त्या माणसाच्या भिंतीवर घेतलास, जो उठून उत्तर द्यायला नाही. माझ्या छपरावर तू पुन्हा पाय ठेवायचा नाहीस, स्क्रू मी दुसऱ्याकडून मारून घेईन. तुझं काम खाली आहे. त्या कोपऱ्यात डाग पडलेल्या चादरी आहेत, लाल दोऱ्याच्या. उचल. दवाखान्यात जा, तिथल्या मुख्य बाईंसमोर उभा राहा आणि सांग की हे डाग थोरलीच्या हातचे नाहीत, माझ्या हातचे आहेत. तिथं साहेब शोधू नकोस. बाईंकडे बघून सांग."