व्हीसीआरच्या पोटातली टोपी

व्हीसीआर घेऊन माझ्या दुकानात आता कोणी येत नाही. धामणगाव बढ्यात मला सगळे दीपक मोबाईलवाला म्हणतात, आणि मला त्याचा राग येतो. मोबाईलला कव्हर चढवणं हे काय काम झालं? म्हणून परवा कडूबाभाऊ काखेत व्हीसीआर मारून दुकानाच्या पायऱ्या चढले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मागे त्यांची बायको कोकिळाबाई बाजाराची भरगच्च पिशवी घेऊन, आणि त्यांच्यामागे कोकिळाबाईंचा धाकटा भाऊ तुळशीराम. तो खास जानेफळहून आला होता आणि कोर्टात आल्यासारखा ताठ बसला.

"चालू करून दे बे," कडूबाभाऊ म्हणाले. "आमच्या लग्नाची कॅसेट यात अडकून हाये. याले एकदा दाखवाचीच हाये."

भांडण टोपीचं होतं. कडूबाभाऊंच्या लग्नात त्यांच्या वडलांनी पाहुण्यांना मानाच्या टोप्या-दुपट्टे दिले, त्यात नवरीचा सख्खा भाऊ तेवढा राहिला, असं तुळशीरामचं म्हणणं. तेव्हापासून तो बहिणीच्या घरी येतो, ओट्यावर बसतो, चहा घेतो, पण आत जाऊन जेवत नाही. कडूबाभाऊ म्हणतात, टोपी दिली होती, यालाच आठवत नाही. दोघांनी या एका टोपीवर तारुण्य घालवलं म्हणा ना. आता कडूबाभाऊंच्या पुष्पांजलीचं लग्न तोंडावर आलेलं. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा लागतो, आणि मामा म्हणतो, आधी टोपीचा निकाल लावा. पोरीने रडून डोळे सुजवले होते. जळगाव जामोदला एका स्टुडिओवाल्याकडे चालू मशीन आहे, पण कॅसेट या मशीनच्या पोटात. वीज मिळाल्याशिवाय मशीन ती सोडणार नाही आणि ओढून काढली तर फीत तुटणार.

मशीन पार मेलेलं होतं. पिन लावली तरी घड्याळाचा आकडासुद्धा उमटेना. फ्यूज बघितला, तो धडधाकट. अशा वेळी थेट वीज देऊन मोकळा होणारा मेकॅनिक मला आवडत नाही. मी माझा सिरीजचा बल्ब जोडला. वीज आधी त्या बल्बमधून जाते. आत कुठे शॉर्ट असला तर बल्ब भक्क पेटतो आणि मशीन वाचतं. बल्ब एकदा चमकला आणि मंदावला. म्हणजे शॉर्ट नव्हता. मीटर लावला तर मोठ्या कपॅसिटरवर तीनशे व्होल्ट हजर, पुढे मात्र शुकशुकाट.

"काय झालं?" तुळशीरामने विचारलं.

"वीज दारापर्यंत येऊन राह्यली," मी म्हणालो. "आत काही जाऊन नाही राह्यली."

"अशे पाव्हणे आमच्या घरी बी येतेत," कोकिळाबाई म्हणाल्या. तुळशीरामने भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

सप्लायला, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या भागाला, सुरुवातीचा धक्का देणारा एक बारका कपॅसिटर असतो. माळ्यावर पडून पडून तो सुकतो. खात्री करायची असेल तर त्याला जरा ऊब द्यायची. शेजारीच माझ्या बायकोचं, सुवर्णाचं पार्लर आहे. मी जाऊन तिचा केस वाळवायचा ड्रायर उचलून आणला.

"अहो, बाईचे केस ओले हायेत इथी," ती मागून ओरडली.

ड्रायरची गरम हवा त्या बारक्या कपॅसिटरवर धरली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आत टिक वाजलं आणि समोर घड्याळाचे हिरवे आकडे लुकलुकायला लागले. माझा ऊर भरून आला. कव्हर विकून हे सुख मिळत नाही. दुखणं कळलं होतं. एका मेलेल्या सेट-टॉप बॉक्समधला कपॅसिटर काढून तिथे बसवला, ड्रायर परत केला आणि मशीन दुकानातल्या जुन्या टीव्हीला जोडलं.

पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग मांडव आला. कडूबाभाऊंचे वडील एकेका पाहुण्याच्या डोक्यावर टोपी ठेवत होते.

"पाह्य आता," कडूबाभाऊ पुढे सरकले. "तुही पाळी येतेच."

म्हातारबाबा टोपी ठेवायचे आणि बाजूच्या ताटातून दुसरी उचलायचे. सरपंच झाले, मास्तर झाले, सोयरे झाले. शेवटची टोपी बँडवाल्याच्या डोक्यावर गेली. ताट रिकामं झालं तसा कॅमेरा जरा मागे सरला आणि ताट धरणारा दिसला. मिसरूड फुटलेला, बोडक्या डोक्याचा, घामाघूम तुळशीराम. म्हातारबाबांनी त्याच्याकडे न बघताच पंगतीकडे बोट दाखवलं आणि तो ताट घेऊन तिकडे पळाला.

कडूबाभाऊंनी ते दृश्य पुन्हा मागे नेऊन पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली.

"मले तवा वाटलं, ताट धरणारा आमच्याकडचाच पोरगा हाये," ते हळूच म्हणाले. "तू तवाच सांगितलं काऊन नाही?"

"मान काय मांगून घेतेत काय, दाजी?"

कडूबाभाऊ उठले. टेबलावर व्हीसीआरचं काढून ठेवलेलं झाकण होतं, ते त्यांनी शर्टाच्या बाहीने पुसलं आणि ताटासारखं दोन्ही हातांवर धरून तुळशीरामपुढे उभे राहिले. कोकिळाबाईंनी पिशवीतल्या बस्त्यातून पुष्पांजलीच्या लग्नासाठी घेतलेली एक टोपी नि दुपट्टा काढून त्यावर ठेवला.

"मी आता त्याच घरची हाव, राह्यलेला मान माह्याच हातून घे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी भावाच्या डोक्यावर टोपी ठेवली.

तुळशीरामने डोळे पुसले, टोपी नीट केली आणि कडूबाभाऊंकडे बघितलं.

"दाजी, ताट सरळ धरा. वाकडं होऊन राह्यलं." मग तो बहिणीकडे वळला. "बाई, आज जेवाले काय हाये?"