आर्लोचं रानमांजर

मार्च महिन्यात नाश्त्याचा रवा तिसऱ्यांदा संपला, तेव्हा मी नवऱ्याला विचारलं, "आर्लो, अरे रवा खातोस की उधळतोस?"

"उडवतो," तो म्हणाला आणि नवा डबा काखोटीला मारून गॅरेजमध्ये पसार झाला.

खोटं नव्हतं ते. जे काडतूस कुठल्याच कारखान्यात बनत नाही, कुणीतरी स्वतःचं डोकं लढवून घरी घडवतं, त्याला आमच्या मोन्टानात रानमांजर म्हणतात. बाजारातली पितळी पुंगळी आणायची आणि साच्यात दाबून तिची मान बारीक करायची. मग आत जराशी दारू, वर ठासून रवा, तोंडाला साबणाचं बूच, आणि नव्या बंदुकीतून बार काढायचा. पितळ आतून फुगतं आणि त्या बंदुकीच्या मापाचं होऊन बाहेर येतं. आमच्या मागच्या अंगणात महिनाभर रवा पडत होता. कोंबड्या तेवढ्या खूश होत्या.

रागवायचं तरी कसं? हे सगळं माझ्यासाठीच चाललं होतं. चाळीस वर्षं मोठ्या रायफलीचे धक्के खाऊन माझा उजवा खांदा कामातून गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, "व्हर्नाबाई, आता विणकाम करा." विणकाम! नेमबाजीच्या क्लबात बायकांची स्पर्धा अकरा वेळा जिंकलेल्या बाईला! मी परत येताना गाडीत ढसाढसा रडले. घरी आल्यावर आर्लोने बिलाच्या पाठीवर करंगळीएवढ्या काडतुसाचं चित्र काढलं आणि दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन एकटाच डॉक्टरकडे गेला. "एवढ्याशा धक्क्याने खांद्याला काही होत नाही," असं त्याच्याकडून वदवून घेऊनच परतला.

मला परत नेम धरायचा होता. बाकी मला काही नको होतं.

एप्रिलमध्ये मैदानावर पहिले पाच बार काढले. कागदावर ताटाएवढ्या जागेत पाच भोकं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

"दारू जास्त पडली," आर्लो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात दारू कमी केली. पुन्हा ताटच. मग गोळी बदलली. मग गोळी पुंगळीत केसभर खोल बसवली, मग केसभर वर काढली. दर वेळी दहा काडतुसांची डबी, वर त्याच्या बारीक अक्षरात चिठ्ठी. त्याने स्वतः एकदा मारून बघितलं असतं तर सोक्षमोक्ष लागला असता. पण बंदूक ज्याची, तिचे गोळीचे पहिले शंभर बार त्याचेच, रव्याचे त्यात धरत नाहीत, हा त्याच्या बापाचा नियम. तो मोडायचा म्हणजे आर्लोला देवळात थुंकल्यासारखं वाटतं.

आम्हा नेमबाज लोकांची ही एक खोडच आहे. नेम चुकला की दारू बदलतील, गोळी बदलतील, नळीसुद्धा बदलतील, पण माणूस तपासणार नाहीत. त्यात मी अकरा वेळची विजेती. माझ्यावर संशय घ्यायचा कुणी?

मला मात्र तिसऱ्या खेपेलाच कळलं होतं. चाप दाबायच्या आधी माझे डोळे आपोआप मिटत होते. पण सांगायला जीभ रेटेना. माझी सगळी ऐट माझ्या नेमावर उभी होती.

मे संपत आला. एका सकाळी धिरडी खाता खाता आर्लो म्हणाला, "जाऊ दे, व्हर्ना. काडतूसच नापास आहे. मी उगाच तुला आशा लावली. माफ कर." त्याने धिरडं अर्धं टाकलं. पाक घातलेलं धिरडं टाकणारा माणूस नव्हे तो!

"ऊठ," मी म्हटलं. "मैदानावर चल. येताना रिकाम्या पुंगळ्याही घे."

मैदानावरच्या टेबलाशी बसून मी तोंड फिरवलं. "आता बंदूक तू भर. भरलेलं घाल नाहीतर रिकामं, मला सांगू नकोस."

त्याने भरली. मी नेम धरला, चाप दाबला. नुसतं टक्. पण बार नसतानाही बंदुकीचं तोंड वीतभर खाली आपटलं.

आर्लो आ वासून बघत राहिला. "अगं, तू दचकतेस!"

"हो, दचकते! खांदा पुन्हा फाटेल असं वाटतं. भित्री झालेय मी, झालं समाधान?"

मग हा बाबा टुणकन उडी मारून ओरडला, "म्हणजे दारू बरोबर आहे!"

मी टोपी काढून त्याला हाणली. "मेल्या, इथे माझी अब्रू गेली आणि तुला दारूची पडलीय?"

"मार, अजून मार," तो हसत सुटला. मग माझ्या डाव्या, धड खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "भीती वाटते तर सांगायचंस की गं. मी काय परका आहे?"

मला रडूही आलं आणि हसूही.

मग तो भरत गेला आणि मी न बघता मारत गेले. टक्. टक्. बार. टक्. बार आला की तो विचारायचा, "दुखलं?" मी म्हणायची, "नाही." आणि खरंच नाही, जरासुद्धा नाही. दहाव्या वेळी टक् झालं तेव्हा नळी हलली नाही. अकराव्या वेळी मी श्वास सोडला, चाप ओढला आणि बार झाला.

माझे डोळे उघडे होते. बंदुकीवरच्या दुर्बिणीत पांढरा कागद तसाच्या तसा, आणि माझ्यादेखत त्याच्या बरोबर मध्यावर काळं भोक उमटलं. मोठी रायफल उसळते, आभाळ दाखवते, आणि पुन्हा नेमावर यावं तर सगळं होऊन गेलेलं असतं. चाळीस वर्षांत माझी स्वतःची गोळी लागताना मी एकदाही पाहिली नव्हती.

मी किंचाळलेच.

"काय झालं? दुखलं का?" आर्लो धावत आला. "गोळी कुठे लागली?"

"अरे, दिसली! लागताना दिसली मला!" मी त्याची बाही ओढली. "आता रिकामी नको रे. भरलेलीच घाल. मला परत बघायचंय."