सत्तावीस नंबरची हाक

मित्रांनो, मी एक जुना काळा डबा आहे. तुमच्या कंपासपेटीहून जरासा जाड, एवढाच. तुम्ही मला पाहिलेलं नाही, कारण माझी जागा नेहमी स्क्रीनच्या पाठीमागे असते. दवाखान्यात, बँकेत भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर नंबर सरकतात, चित्रं हलतात, आणि तुम्ही म्हणता, बघ, स्क्रीन काय दाखवतेय. त्या बिचारीला स्वतःचं काही येत नाही. तिच्या पाठीशी बसून तिला दाखवायला लावतो तो मी. मला मीडिया प्लेअर म्हणतात. नाव मोठं, लक्षण खोटं. हे मी उगाच नम्रपणे म्हणत नाही. का म्हणतो, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या पोटाला चार स्क्रू पिळले आणि मला पुढे सरकवलं. आम्ही शेकडो भावंडं, सगळी एका चेहऱ्याची. कुणी कपड्यांच्या दुकानात गेला, कुणी विमानतळावर. माझ्या वाट्याला डोळ्यांचा दवाखाना आला.

पहिल्या दिवशी मी फार लाज आणली. कारखान्यातून येताना मला घरातल्या संगणकाच्या सवयी होत्या. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की मला झोप यायची. बाहेरच्या हॉलमध्ये साठ माणसं नंबरची वाट बघत बसलेली आणि मी चक्क झोपलो! स्क्रीन काळीठिक्कर. पहारेकऱ्यांनी मला टपली मारून उठवलं, तर मी नंबरांच्या डोक्यावर भली मोठी सूचना लावली : नवीन आवृत्ती आली आहे, आत्ता बसवू की नंतर?

"आता काय हवंय त्याला?" पहिल्या बाकावरच्या एका आजींनी विचारलं.

"विचारतोय, आत्ता शिकू का नंतर," नोंदणीच्या खिडकीतले कारकून म्हणाले.

"म्हणजे आमच्या नातवासारखंच की! सांगा, नंतर."

सगळा हॉल हसला. मित्रांनो, त्या हॉलमध्ये हसू सहसा ऐकू येत नसे.

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ ताई आली. पुढे सगळे तिला सेटिंगताई म्हणू लागले. तिच्या अंगाशी शालीत बांधलेलं एक बाळ होतं, पाचेक महिन्यांचं. ज्या मोठ्या खोक्यातून माझी स्क्रीन आली होती, त्याच खोक्यात तिने शाल अंथरली आणि बाळाला निजवलं. मग मला मांडीवर घेऊन तिने एकेक सवय मोडायला सुरुवात केली. झोप : कधीच नाही. सूचना : बंद. नवीन आवृत्ती : फक्त रविवारी, दवाखाना बंद असताना. वीज गेली आणि परत आली, तर कुणी बटण दाबायची वाट न बघता आपणहून उठायचं आणि थेट नंबर दाखवायला लागायचं. घड्याळ दवाखान्याच्या घड्याळाशी जुळवलं. स्क्रीनवर भटकणारा बाण लपवला. कुणाचा चुकून हात लागून काही बिघडू नये, म्हणून सगळं कुलूपबंद केलं. प्रत्येक बदलाबरोबर ती पुटपुटायची, "हं, आता शहाण्यासारखं राहायचं." ते मला म्हणायची की खोक्यातल्या बाळाला, हे मला कळत नसे. दोघांनाही चालण्यासारखं होतं.

शेवटी आवाज. डोळ्यांच्या दवाखान्यात येणाऱ्यांना स्क्रीन दिसेलच कशी, हे तिच्याच लक्षात आलं. सामानाच्या खोलीत दार लावून तिने स्वतःच्या आवाजात एक ते नव्याण्णव नंबर बोलून माझ्यात साठवले. सव्वीसपर्यंत सगळं सुरळीत झालं. सत्तावीस म्हणताना बाळ जागं झालं आणि त्याने "अग्गूं" केलं. ताई पुन्हा बोलून घेणार होती, पण बाळाचा परत डोळा लागला होता. तिने त्या "अग्गूं"सकट सत्तावीस तसाच ठेवला.

काम संपल्यावर ती निघून गेली नाही. शेवटच्या बाकावर जाऊन बसली, डोळे घट्ट मिटले, आणि दहा नंबर होईपर्यंत नुसती ऐकत राहिली. मग उठून आवाज थोडा वाढवला, सत्तरवर आणला. माझ्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली : 'आवाज सत्तर. कमी करायचा वाटला, तर आधी शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसा.' दर महिन्याला ती यायची आणि तपासणीच्या शेवटी तशीच बसायची.

माझी चांगली वर्षं ती. पूर्वी डॉक्टरांच्या मदतनीस दारात उभ्या राहून नावं पुकारायच्या. त्यांचा घसा बसायचा. मी आल्यावर त्यांनी पुकारणं सोडलं. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! आणि सत्तावीस नंबर आला की सगळा हॉल मान वर करायचा. "बाळाचा नंबर आला," लोक म्हणायचे. पट्टी बांधलेली माणसंसुद्धा ओठातल्या ओठात हसायची.

त्या हसणाऱ्यांत एक पेंटरकाका होते. आयुष्यभर त्यांनी पाट्या रंगवल्या. ह्या दवाखान्यातल्या दारांवरचे नंबर, भिंतीवरचे बाण, सगळे त्यांच्या हातचे. माझ्या शेजारची 'शांतता राखा' ही पाटीसुद्धा त्यांचीच. त्यांचा एक डोळा लहानपणीच गेला होता. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांनी सगळं गाव लिहून काढलं. दर दोन महिन्यांनी तपासणीला यायचे आणि माझ्याकडे बघून लेकीला म्हणायचे, "ह्याने माझं काम घेतलं खरं. पण पोरगं गुणी आहे. माझी पाटी कधी कुणाला हाक मारत नव्हती."

पुढे ताईची बदली झाली. जाताना तिने मला मऊ फडक्याने पुसलं. नंतर दवाखान्यातल्या सामानाच्या मोजणीच्या वेळी माझ्या पाठीवर मालमत्ता क्रमांकाची चकचकीत पट्टी लागली. नेमकी त्या चिठ्ठीवर.

आता तो बुधवार. दवाखान्यात डोळ्यांच्या निगेची एक फिल्म नव्याने चालू झाली होती. तिचं संगीत दिवसभर घुमायचं आणि सगळे कंटाळले होते. कार्यालयाने नवीन तंत्रज्ञाला बोलावलं : त्या फिल्मचा आवाज बंद करा. ते आले, त्यांनी माझं कुलूप उघडलं. फिल्मचा आवाज फिल्मच्या सेटिंगमध्ये असतो. पण त्यासाठी दोन पानं आत जावं लागलं असतं. त्यांनी शेजारच्या पाटीकडे पाहिलं आणि हसले. "लोकांना म्हणे शांतता राखा, आणि डबा बोंबलतोय!" त्यांनी माझा सगळा आवाज शून्यावर आणला आणि पुन्हा कुलूप लावलं. समोर उभं राहून पाहिलं : चित्र ठीक, नंबर ठीक. सही केली आणि गेले. ते वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांना चांगलं दिसत होतं, एवढंच.

त्याच दुपारी पेंटरकाका धावतपळत आले. सकाळपासून त्यांच्या चांगल्या डोळ्यात कोपऱ्यातून काळोख सरकत होता. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा सुटायला लागलाय. त्याचे मोठे डॉक्टर फक्त गुरुवारी येतात. "उद्या म्हणजे उद्याच. एक दिवस चुकला तरी मी काही सांगू शकणार नाही." खिडकीतून गुरुवारची चिठ्ठी मिळाली. खोली चार, नंबर सत्तावीस.

"बाळाचा नंबर!" काका लेकीला म्हणाले. "आता काय होतंय मला."

गुरुवारी लेकीने त्यांना पहिल्या बाकावर, बरोबर माझ्याखाली बसवलं. ती शाळेत शिकवायची आणि त्या दिवशी तिच्या वर्गाची परीक्षा होती.

"थांबू का मी, बाबा?"

"कशाला? हा हाक मारतो की. दार तर पाच पावलांवर. माझाच चार लिहिलाय त्याच्यावर."

तिने एकदा माझ्याकडे वर पाहिलं. आई कडेवरचं मूल शेजारणीकडे देताना बघते ना, तसं. आणि गेली.

सिस्टरनी काकांच्या डोळ्यात थेंब घातले आणि डोळा मिटून बसायला सांगितलं. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मान जराशी माझ्याकडे वळवून बसले. मी नंबर लावत होतो. प्रत्येक नंबराबरोबर ताईचा आवाज माझ्या पोटातून निघायचा आणि दाराशीच अडायचा. दिसणारी माणसं स्क्रीन पाहून उठत होती. न दिसणाऱ्यांना त्यांची माणसं उठवत होती. म्हणून मी मुका झालोय हे कुणालाच कळलं नाही.

"कितवा चाललाय हो?" काकांनी शेजारच्यांना विचारलं.

"एकोणीस."

"मग वेळ आहे. बाकीचे नंबर गलक्यात कळत नाहीत, पण बाळ बोललं की कळेलच. काय आहे, मागच्या वेळचं ते संगीत आज नाही, बरं वाटतंय."

शेजारचे गृहस्थ विसाव्या नंबरला उठून गेले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी सत्तावीस लावला. मोठा, लाल, काकांच्या डोक्याच्या वर दोन हातांवर. पहिल्यांदा. आत ताई बोलली, बाळ "अग्गूं" म्हणालं, आणि बाहेर काही गेलं नाही. दुसऱ्यांदा. चार नंबरच्या दारातून मदतनीस डोकावल्या. पूर्वीच्या असत्या तर नाव घेऊन ओरडल्या असत्या, पण ती सवय मीच मोडली होती. तिसऱ्यांदा. काकांनी खिशातून चिठ्ठी काढली, बोटांनी चाचपली, पुन्हा ठेवली. मदतनिसांनी पुढचं बटण दाबलं. मी अठ्ठावीस लावला.

आणि माझ्या नोंदीत मीच लिहिलं : सत्तावीस, तीन हाका दिल्या, रुग्ण हजर नाही. मला तसंच लिहायला शिकवलं होतं. हाक बाहेर पोचली की नाही, हे तपासायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

दुपारी झाडू मारत सफाईवाल्या मावशी पहिल्या बाकापाशी आल्या. "काका, पाय वर घ्या. कोणासाठी बसलात?"

"सत्तावीस."

मावशींचा झाडू थांबला. "अहो, चौतिसावर संपलं. डॉक्टर गेले ना मघाशीच."

तेवढ्यात लेक आली, परीक्षेचा गठ्ठा तसाच काखेत. ती खिडकीवर भांडली. कारकुनांनी माझी नोंद काढून तिच्यासमोर धरली. "हे बघा, वेळेसकट आहे. तीन हाका. मशीन कशाला खोटं बोलेल?"

तिने वळून वडिलांकडे पाहिलं. "बाबा... झोपलात का हो?"

काकांनी खिशातली चिठ्ठी पुन्हा एकदा चाचपली. मग म्हणाले, "लागली असेल डुलकी."

मी त्यांच्या डोक्यावरच होतो, मित्रांनो. माझ्याजवळ ताईचा आवाज होता, बाळाचा होता, काकांचा नंबर होता. फक्त 'नाही' म्हणायला काही नव्हतं.

लेकीने त्या आठवड्यात त्यांना दुसऱ्या दोन ठिकाणी नेलं. एकीकडे त्या पडद्याचे डॉक्टरच नव्हते, दुसरीकडे लांबची तारीख मिळाली. पुढच्या गुरुवारी ती त्यांचा हात धरून बसून राहिली. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "आठ दिवसांपूर्वी का नाही आलात?"

"आलो होतो," काका म्हणाले. तेवढंच.

अकराव्या दिवशी एका सिस्टरच्या लक्षात आलं की नंबर ऐकू येत नाहीत. नवीन तंत्रज्ञ आले, एक पट्टी बोटाने वर सरकवली, झालं. दोन सेकंदही लागले नाहीत. नोंदवहीत लिहिलं : आवाज बंद होता, चालू केला. त्या ओळीशेजारी काकांचा गुरुवार मांडून पाहायला कुणाला सुचलं नाही.

काका त्यानंतर एकदाच आले, अंधत्वाच्या दाखल्यासाठी. पांढरी काठी नवीनच होती, अजून हाताला सरावली नव्हती. लेक एकदम म्हातारी दिसत होती. ती परीक्षेला गेली हे तिने स्वतःला माफ केलेलं नव्हतं. दोघं दाखल्याची वाट बघत बसलेली असताना सत्तावीस आला. दुसऱ्याच कुणाचा. ताई बोलली आणि बाळ म्हणालं, "अग्गूं."

काकांनी मान वर केली. हसले.

"ऐकलंस? केवढं स्पष्ट ऐकू येतं. त्या दिवशी मलाच डुलकी लागली, बघ. हे पोरगं काही हाक मारायला चुकणारं नाही."

त्यापेक्षा त्यांनी मला उचलून जमिनीवर आपटलं असतं तर बरं झालं असतं.

आता माझ्या जागी नवीन डबा आला आहे. मी सामानाच्या खोलीत, तुटक्या खुर्च्यांच्या मागे पडून आहे. ह्याच खोलीत ताईने नंबर साठवले होते. उद्या मला पुसून कारखान्यातल्यासारखा कोरा करणार आहेत. बुधवारी आवाज शून्य झाला, त्याची वेळ माझ्यात कुठेतरी आत अजून लिहिलेली आहे. तीही जाईल. बाळाचा सत्तावीसही जाईल.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्या हातात माझ्यासारखे कितीतरी डबे येतील. त्यांची झोप मोडा, सूचना बंद करा, आवाज कमी-जास्त करा, तुमचा तो हक्कच आहे. पण उठून जाण्याआधी शेवटच्या बाकावर जाऊन बसा. डोळे मिटा. दहा नंबर होईपर्यंत थांबा. फार वेळ लागत नाही. आणि मशीनने लिहिलेलं एखाद्या माणसासमोर धरण्याआधी त्या माणसाला एकदा नीट विचारा.

आणि अजून एक. उद्यानंतर हे सांगणारं कुणी उरणार नाही, म्हणून तुमच्याजवळ ठेवतो. पेंटरकाकांना त्या दिवशी डुलकी लागली नव्हती. ते जागे होते. सकाळपासून दुपारपर्यंत, डोळा मिटून, मान माझ्याकडे वळवून, ते माझ्या हाकेची वाट बघत होते.